पाचवी पायरी

१४ जानेवारी २०१९ च्या रात्री, पावणेअकराच्या सुमारास, आत्याने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच होते. पडद्यावर अण्णा नाईकांचे ओठ हलत होते, मान किंचित तिरपी झाली होती, डोळे समोरच्या माणसावर रोखलेले होते, आणि आमच्या खोलीत मात्र बाहेरच्या अगाशांवरून येणाऱ्या पिपाण्यांखेरीज काहीच ऐकू येत नव्हते. ‘रात्रीस खेळ चाले’ या भयमालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा तो पहिला भाग होता. त्याची वाट मी कित्येक आठवडे पाहिली होती, त्यामुळे माझा हात आपसूक रिमोटकडे गेला. पण आत्याने तो मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, ‘‘आमचे आबा असेच होते गं.’’ एवढेच. मिनिटभराने तिने स्वतःच आवाज पुन्हा सुरू केला, भाग शेवटपर्यंत पाहिला, चष्मा काढून डबीत ठेवला आणि झोपायला माडीवर गेली.

तिचे ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

ही मालिका आमच्या घरात आली ती २२ फेब्रुवारी २०१६ रोजी. रात्री साडेदहा ही बडोद्याच्या जुन्या वस्तीत तशी निजानीज होण्याची वेळ. दांडिया बाजारातली दुकाने तोवर मिटलेली असतात, सूरसागराच्या काठावरची वर्दळ ओसरलेली असते, आणि आमच्यासारख्या जुन्या लाकडी घरांत दिवसभर तापलेले वासे गारव्याने कुरकुरू लागतात. पहिल्याच भागात नाईक घराण्याचे कर्ते अण्णा गेले आणि त्यांची विखुरलेली मुले कोकणातल्या आकेरीच्या वाड्यात गोळा झाली. त्यानंतर अण्णा आम्हाला कळत गेले ते इतरांच्या तोंडून. त्यांच्या पत्नीचे, माईंचे अण्णा वेगळे, मुलांपैकी दत्ताचे वेगळे, माधवचे आणखी वेगळे. घरगडी पांडूला तर बरेच ठाऊक असावे असे वाटायचे, पण तो ऐन वेळी ‘इसारलंय’ म्हणून डोके खाजवत उभा राहायचा. माधवची बायको नीलिमा प्रत्येक चमत्कारामागचे कारण शोधायची आणि आम्हीही तिच्याबरोबर शोधायचो, पण कारण सापडू नये अशी एक चोरटी इच्छाही मनात असायची. गेलेला माणूस घरभर आहे आणि दिसत मात्र नाही, ही त्या पर्वाची खरी ताकद होती, असे मला आजही वाटते. कंदिलाचा उजेड, रातकिड्यांची किरकिर, विहिरीचा काठ, बंद दाराआडची चाहूल, एवढ्या मोजक्या सामग्रीवर त्यांनी आम्हाला आठ महिने जागे ठेवले.

माझ्या वहिनीचे माहेर कुडाळचे आहे. त्यामुळे मालवणी संवादांचा अर्थ सांगण्याचे काम आपसूक तिच्याकडे आले. पहिले काही दिवस तिने ते आनंदाने केले. ‘खय’ म्हणजे कुठे, ‘हय’ म्हणजे इथे, ‘माका’ म्हणजे मला, असे ती माझ्या भाचीला शिकवायची. पुढे पुढे मात्र ती अस्वस्थ होऊ लागली. हे काही आमच्याकडचे खरे मालवणी नव्हे, मराठीवर मालवणी शिंपडली आहे, अशी तिची पहिली तक्रार होती. दुसरी तक्रार अधिक खोलवरची होती. ‘‘आमच्या गावात काय नुसती भुतांच रवतत?’’ असे ती एकदा खरोखर दुखावून म्हणाली. त्याच सुमारास कोकणातही या मालिकेबद्दल नाराजी उमटली होती, त्यामुळे तिचे दुखणे एकटीचे नव्हते. मग तिने आम्हाला गाऱ्हाण्याबद्दल सांगितले. देवळात गावाच्या वतीने एक जण देवाला हाक घालतो, चुकले माकले पोटात घाल म्हणतो, आणि जमलेले सगळे दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गावाची राखण करणाऱ्या राखणदाराला भ्यायचे नसते, त्याला वाट विचारायची असते, असे ती म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलेले ते कोकण मला मालिकेतल्या कोकणाहून मोठे वाटले. पण रात्रीचे साडेदहा वाजले की मी पुन्हा टीव्हीसमोर येऊन बसायचे, आणि खरे सांगायचे तर वहिनीही यायची.

आमच्या घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. सागवानी, अरुंद, मधोमध झिजून किंचित खोलगट झालेल्या. खालून मोजले तर पाचवी पायरी वाजते. साधे कुरकुरणे नव्हे. पाय पडला की आधी एक कोरडा ठोका येतो आणि पाय उचलला की लांबट कण्हल्यासारखा आवाज येतो. पहिल्या पर्वाच्या दिवसांत माझ्या भाचीने त्या पायरीला ‘आबांची पायरी’ असे नाव ठेवले. आबा म्हणजे तिचे पणजोबा, माझे आजोबा, आत्याचे वडील. भिंतीवरच्या फोटोत चंदनाचा हार घातलेले, डोक्याला पगडी, ओठ मिटलेले. मालिका संपली की कुणीतरी आधी वर जाऊन दिवा लावल्याशिवाय भाची जिना चढायची नाही, आणि दादा मुद्दाम त्या पायरीवर जोराने पाय द्यायचा. सगळे हसायचे. आत्या त्या हसण्यात नसायची, हे मला आता आठवते. तेव्हा ते जाणवलेही नव्हते.

दुसरे पर्व येणार, आणि त्यात मालिका मागे जाऊन अण्णांच्या हयातीतली गोष्ट सांगणार, हे कळले तेव्हा माझ्या मनात आनंदाबरोबर एक शंकाही आली. ज्याला इतके महिने न पाहता ओळखले, त्याला आता डोळ्यांनी पाहायचे. गेलेल्या माणसाला पुन्हा जिवंत उभे केल्यावर त्याच्याबद्दलची भीती शिल्लक राहील का? भुताची गोष्ट सांगणाऱ्यांनी भूतच काढून घेतले तर आम्ही कशासाठी जागायचे? हा प्रश्न मी वहिनीशीही बोलले होते आणि तिनेही पहिला आठवडा पाहून ठरवू असे म्हटले होते.

तो दिवस बडोद्यात उत्तरायणाचा होता. गुजरातेत पतंगाचा सण १४ तारखेलाच असतो, पण त्या वर्षी सूर्याचा मकरप्रवेश संध्याकाळी असल्यामुळे आमच्या पंचांगात संक्रांत १५ तारखेला होती आणि १४ ला भोगी. म्हणजे शेजारच्या घरी उंधियू आणि जिलबी, आणि आमच्या स्वयंपाकघरात हरभरे, गाजर, वांगी, वालपापडी आणि तिळाचे कूट घातलेली भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. दुपारी भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण झाली, तशी ती दरवर्षी होते. सकाळपासून अगाशीवर होते मी. किन्ने बांधून ठेवलेले पतंग, फाटलेल्या कागदाला लावायची गुंदरपट्टी, बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या, उत्तरेचा कोरडा वारा, आणि चारी बाजूंनी उठणारा ‘काप्यो छे’चा गजर. अंधार पडल्यावर तुक्कली चढल्या. एकाच दोरीला एकामागून एक बांधलेले कागदी दिवे काळ्या आभाळात हलत उभे राहतात तेव्हा अगाशीवर कुणी फारसे बोलत नाही. दहा वाजता मी फिरकी तिथेच टाकून खाली आले. बोटे चिरली होती, केसांत धूळ होती, आणि मनात मात्र लहान मुलासारखी उत्सुकता होती.

भाग सुरू झाला आणि पहिली काही मिनिटे मी निराश झाले, हे कबूल केले पाहिजे. वाडा तोच होता, पण त्यात माणसांची ये-जा होती, चूल पेटलेली होती, घर नांदते होते. मी ज्या घराला भीत होते ते घर अजून व्हायचे होते. आणि मग अण्णा बोलू लागले. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला हा माणूस पुढे अवघ्या महाराष्ट्राने पाहिला, त्यामुळे त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. पण त्या पहिल्या रात्री तो अंगावर कसा आला ते मला सांगायचे आहे. त्यांची नजर बोलण्याच्या आधी पोहोचत होती. आवाज मोठा नसतानाही घरातली इतर माणसे त्यांच्याभोवती जपून वावरत होती. कुणी कुठे उभे राहायचे, कुणी केव्हा मान खाली घालायची, हे जणू भिंतींनाही माहीत होते. माई समोर असल्या की त्यांच्या खांद्यांत एक प्रकारचे आकसणे दिसायचे. पहिल्या पर्वातल्या माईंना मी हेकट आणि दुराग्रही म्हणून पाहिले होते. हे आकसणे पाहिल्यावर त्या हेकटपणाची मुळे कुठे आहेत ते मला दिसू लागले, आणि मी खुर्चीत सरसावून बसले. त्यानंतर थोड्याच वेळात अण्णांचा आवाज चढला, आणि आत्याने रिमोट उचलला.

आबा मी पाहिलेले नाहीत. माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी ते गेले. माझ्या वडिलांनी सांगितलेले आबा संस्थानच्या हिशेबखात्यात होते, त्यांचे अक्षर छापल्यासारखे होते, पैचीही चूक त्यांना खपत नसे. स्वभावाने कडक, असे बाबा म्हणत, आणि लगेच पुढे जोडत की १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आबांचा मान गेला, जीव घालून केलेल्या नोकरीचे स्वरूप बदलले, आणि तेव्हापासून ते चिडके झाले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की आबांचा राग म्हटले की मला त्यांच्याबद्दल कळवळाच यायचा. मोठी पडझड सोसलेला एक अभिमानी माणूस, असे माझ्या मनातले त्यांचे चित्र होते. ते मी कधी तपासले नव्हते. घरातल्या फोटोला कोणी प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तिळाच्या वड्यांसाठी गुळाचा पाक करत होती. मी शेजारी ताटाला तूप लावत बसले होते. रात्रीचा विषय मी काढला नाही. तिने काढला, तोही पाकाच्या तंत्राने. कढईत गूळ विरघळून फेस येईपर्यंत ती गप्प होती. फेस आल्यावर म्हणाली, ‘‘तेव्हा स्वयंपाकघर माडीवर होतं, खाली भाडेकरू. आबा यायचे ते जिन्यावरून कळायचं.’’ मग चमच्याने पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला. तो पसरला, तेव्हा पुन्हा ढवळू लागली. ‘‘पाचवीवर ते थांबायचे. वरचा कानोसा घ्यायचे. कोण बोलतंय, काय बोलतंय. पाय टाकल्याचा आवाज यायचा आणि उचलल्याचा यायचा नाही. तेवढ्यात आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो, आणि आई उगाचच फडताळ पुसायला घ्यायची.’’ पुन्हा थेंब. या वेळी तो वाटीच्या तळाशी जरा गोळा झाला, पण बोटाने दाबल्यावर चपटा झाला. ‘‘एकदा भाताचं ताट सगळं जिन्यावरून खाली गेलं. भाडेकरीण शितं वेचू लागली, तर आई तिला म्हणाली, माझ्याच हातून निसटलं.’’ तिसरा थेंब पाण्यात पडला आणि टणक गोळी होऊन वाटीला लागून वाजला. तिने तीळ आणि कूट एकदम ओतले, आणि मिश्रण घट्ट व्हायच्या आत ढवळायचे म्हणून आम्ही दोघीही पुढची दोन मिनिटे काही बोललो नाही. वड्या थापताना मी हळूच विचारले, की संस्थान गेल्यामुळे का ते असे झाले. आत्या थांबली. ‘‘संस्थान गेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते,’’ ती म्हणाली. ‘‘तो जिना मी त्याआधीही ऐकलाय.’’

बाबा तेव्हा हयात नव्हते. त्यांना काही विचारण्याचा मार्ग उरला नव्हता. त्यांनी खोटे सांगितले असे मला वाटत नाही. एकुलता एक मुलगा म्हणून त्यांच्या वाट्याला आलेले आबा कदाचित खरोखर वेगळे असतील, किंवा वडिलांवर माया करता यावी म्हणून त्यांनी स्वतःपुरते एक कारण शोधून त्याला धरून ठेवले असेल. दत्ताचे अण्णा वेगळे आणि माईंचे वेगळे, हे मी तीन वर्षांपूर्वी याच खोलीत बसून पाहिले होते, त्यावर वहिनीशी तासन्‌तास बोललेही होते. आपल्या घरात तेच घडलेले असू शकते, हा विचार तेव्हा मला एकदाही शिवला नव्हता.

त्यानंतर मी ती मालिका पाहणे सोडले का? नाही. उलट अधिकच ओढीने पाहिली, आणि याच गोष्टीचा मला त्रास होतो. पुढे अपूर्वा नेमळेकरांची शेवंता, अण्णांच्या आयुष्यातली दुसरी बाई, आली आणि वाड्यातल्या अंधाराला वेगळीच झाक चढली. अण्णा खून करत होते, लुबाडत होते, माईंना पायदळी तुडवत होते, आणि तरीही ते पडद्यावर नसले की भाग फिका वाटायचा. एखादा नट इतक्या ताकदीने वाईट माणूस उभा करतो की आपण त्याच्या येण्याची वाट पाहू लागतो. हे त्या नटाचे यशच आहे, आणि अभ्यंकरांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु माझ्या शेजारच्या खुर्चीत जी बाई बसलेली असायची तिने असा माणूस पगाराविना, पडद्याविना, रोज संध्याकाळी जिन्यावरून वर येताना ऐकला होता. तिच्यासमोर बसून अण्णांच्या एखाद्या जबरदस्त संवादाला ‘वा’ म्हणताना माझा आवाज घशात अडकायचा. त्या वर्षी गणपतीत आमच्या गल्लीतल्या एका मुलाने अण्णा नाईकांची नक्कल केली. मान तिरपी, नजर रोखलेली, तोच दबका आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चमकून आत्याकडे पाहिले. तीही टाळ्या वाजवत होती, आणि अगदी मनापासून हसत होती. त्या हसण्याचा अर्थ मी किती तरी दिवस लावत राहिले. त्या मुलाच्या अंगात आलेला तो माणूस आठ-नऊ वर्षांचा होता, सदरा त्याला ढगळ होत होता, आणि नक्कल संपल्यावर तो धावत आईकडे गेला. कदाचित तिला एवढेच दिसले असेल. मला नेमके सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या पहिल्या रात्री आत्या माडीवर झोपायला गेली तेव्हा जिना वाजला नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या तिच्या बोलण्यानंतर मी लक्ष ठेवले. चौथ्या पायरीवर ती डाव्या हाताने कठडा धरते, जरा थांबते, आणि उजवा पाय उचलून थेट सहावीवर ठेवते. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, गुडघे दुखत होते, आणि इतक्या उंच पायऱ्यांवर एक पायरी गाळणे तिला सोपे नव्हते. मी लहानपणापासून तिला असेच चढताना पाहिले आहे. मुलांची झोपमोड होऊ नये म्हणून ती तसे करते, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीपोटी मला तिचे कौतुकही वाटायचे. त्या वर्षी दादाने सुतार बोलावून पायरी पक्की करून घेण्याचा विचार केला. आत्याने नको म्हटले. कारण दिले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

दुसरे पर्व २०२० च्या ऑगस्टपर्यंत चालले. मध्ये टाळेबंदीने चित्रीकरणे थांबली तेव्हा तेही थांबले होते. तिसरे पर्व सुरू झाले ते २२ मार्च २०२१ ला, रात्री अकरा वाजता. बडोद्यात त्या दिवसांत रात्री दहापासून संचारबंदी होती. दांडिया बाजारावर अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. दुरून एखादी रुग्णवाहिका जायची, आणि पुन्हा काही नाही. वहिनीला ताप येऊन गेला होता, ती झोपली होती. भाची शिक्षणासाठी बाहेरगावी अडकली होती. आत्याचा पलंग आम्ही आदल्या वर्षीच खाली, बैठकीला लागून असलेल्या खोलीत आणला होता, कारण जिना आता तिला जमत नव्हता. मी एकटीच टीव्हीसमोर बसले. अण्णा आता मेलेले होते, म्हणजे जिथून आम्ही निघालो होतो तिथे गोष्ट परत आली होती. वाडा ओस, पाचोळा, अंधार, आणि तेच संगीत. २०१६ मध्ये या सगळ्याने माझ्या अंगावर काटा यायचा. त्या रात्री मी ते नीट, मन लावून पाहिले, त्यातल्या प्रकाशयोजनेला मनातल्या मनात दाद दिली, पण काटा काही आला नाही. मधल्या दाराची फट उघडी होती. टीव्हीचा आवाज मी मुद्दाम कमी केला नव्हता. पलीकडून आत्याचे संथ घोरणे शेवटपर्यंत ऐकू येत होते. किंकाळ्या झाल्या, दारे आपटली, तरी त्यात खंड पडला नाही.

भाग संपल्यावर मी दिवे मालवले, पाण्याचा तांब्या घेतला आणि जिना चढू लागले. हातात तांब्या होता, डोक्यात मालिका होती. माझ्या ध्यानात राहिले नाही. पाचव्या पायरीवर पूर्ण पाय पडला आणि तिने कोरडा ठोका दिला. मी तशीच थबकले.

खालचे घोरणे थांबले होते.

‘‘कोण?’’ आत्याने विचारले. आवाजात झोपेचा मागमूसही नव्हता.

‘‘मी आहे गं, आत्या,’’ मी म्हणाले, आणि पाय उचलला.